व्होल्ट आणि अँपिअर मोजून माळ्यावरचा जळका जॉइंट सापडला त्याची हकीकत

गावच्या घरी न्हाणीतला गीझर पाणी तापवायला फार वेळ घेतो ही आईची तक्रार मागच्या हिवाळ्यापासूनची. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर, तोही नवाच, आणि तरी कढत पाणी व्हायला जवळजवळ अर्धा तास. बाबांचं म्हणणं कॉइल खराब निघाली, शेजारच्या काकांचं म्हणणं गावात व्होल्टेजच नाही तर गीझर बिचारा काय करणार, आणि ज्याच्याकडून गीझर घेतला त्या दुकानदाराचं म्हणणं स्टॅबिलायझर लावा. तिघांचंही ऐकायला पटण्यासारखं होतं पण कुणीच काही मोजलेलं नव्हतं, म्हणून दिवाळीला जाताना मी क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा धरून करंट मोजणारं, व्होल्ट आणि ओहमही दाखवणारं) सोबत नेलं. मी काही इलेक्ट्रिशियन नाही, अकाउंट्समध्ये काम करते, पण मला घरातली लाइट हा जमाखर्चच वाटतो, पोलवरून किती व्होल्ट आले, वाटेत कुठे किती गेले, शेवटी गीझरच्या हातात किती पडले, आणि हे टोटलला जुळलंच पाहिजे. भाची नववीत आहे, तिचा धाराविद्युतचा धडा नुकताच झाला होता, ती मदतनीस.

गणित म्हणाल तर दोनच आहेत. व्होल्ट भागिले अँपिअर केलं की ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा मिळतो, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट. परीक्षेत हे दोन मार्काला येतं आणि आपण विसरून जातो, पण घरात एखादी वस्तू नीट चालत नसेल तर या दोन ओळींमधून किती काय काय बाहेर निघतं ते मला या वेळी प्रत्यक्ष बघायला मिळालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात कॉइलपासून केली कारण ते सगळ्यात सोपं. गीझरच्या प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलेलं असतं. २००० ला २३० ने भागलं की ८.७ अँपिअर, आणि २३० ला ८.७ ने भागलं की साधारण २६.४ ओहम. म्हणजे कॉइल धडधाकट असेल तर तिचा रेझिस्टन्स २६ च्या आसपास दिसायला हवा. गीझरचा प्लग बोर्डातून पूर्ण काढला, थर्मोस्टॅटचा नॉब फुल केला (पाणी थंड असेल तरच आतला थर्मोस्टॅट जोडलेला असतो, नाहीतर मीटर काहीच दाखवत नाही आणि आपण उगाच घाबरतो), आणि प्लगच्या खालच्या दोन पिनांवर मीटरचे प्रोब, म्हणजे वायरींची टोकदार टोकं, ठेवले. २६.८ आलं. प्रोब एकमेकांना टेकवले तर मीटर ०.४ दाखवत होतं, ती त्याच्या स्वतःच्या वायरीची भर, ती वजा केली की २६.४. कॉइल अगदी ठणठणीत. तिन्ही पिनांमधली मोठी जी अर्थिंगची, तिच्यापासून बाकीच्या दोघींपर्यंत काहीच दाखवत नाही ना तेही बघून घेतलं, कारण तिथे आकडा आला तर गीझर अंगाला झटका द्यायला तयार आहे असं समजायचं.

इथे भाचीने फार चांगला प्रश्न विचारला. म्हणाली मावशी, थंड असताना मोजलेलं गरम झाल्यावर तेवढंच राहतं का? पडवीत कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला ठेवलेला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होता, तो काढून तिला मोजायला दिला. थंड बल्ब ४० ओहमच्या आसपास दाखवतो. आता या आकड्यावरून पॉवर काढली तर २३० भागिले ४० हा करंट, तो गुणिले २३०, म्हणजे तेराशे वॅटच्या वर, आणि बल्बवर तर लिहिलंय १००. कारण पेटल्यावर आतली टंगस्टनची तार अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि तिचा रेझिस्टन्स वाढून ५२९ ओहमवर पोचतो, तेव्हा कुठे १०० वॅट होतात. गीझरची कॉइल निक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारच थोडा बदलतो. म्हणून गीझर, इस्त्री, पाण्याचा रॉड यांना थंड असताना मोजलेलं चालतं, बल्बला चालत नाही. भाचीने हे वहीत लिहून घेतलं, मला फार बरं वाटलं.

मग खरं मोजमाप, म्हणजे गीझर चालू असताना. यासाठी एक छोटी एक्स्टेंशन करून घेतली, जाड वायरची, १६ अँपिअरच्या प्लगची, आणि तिचं बाहेरचं काळं आवरण मधे वीतभर उभं चिरून आतल्या तीन वायरी सुट्या केल्या, आतल्या वायरींच्या इन्सुलेशनला अजिबात धक्का न लावता. हे करावं लागतं कारण क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर धरायची असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर एकीतून जातो तेवढाच करंट दुसरीतून परत येतो आणि मीटर शून्य दाखवतं. आणि करंट फारच कमी असेल, बल्बसारखा अर्धा अँपिअर वगैरे, तर तीच वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळून घ्यायची आणि आलेल्या आकड्याला पाचने भागायचं, रीडिंग बरंच भरवशाचं येतं.

गीझर बंद असताना न्हाणीतल्या सॉकेटला व्होल्टेज २१८. चालू केला आणि आकडा घसरत १९७ वर थांबला. करंट ७.४ अँपिअर. १९७ भागिले ७.४, २६.६ ओहम, म्हणजे कॉइलचं आधीचं उत्तर परत तेच आलं, मोजण्यात गडबड नाही याची खात्री पटली. आणि १९७ गुणिले ७.४ म्हणजे १४५८ वॅट. २००० चा गीझर प्रत्यक्षात साडेचौदाशेवर चाललाय! व्होल्टेज २३० पेक्षा १४ टक्केच कमी आहे पण पॉवर २७ टक्के कमी, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि दोघांचा गुणाकार दुप्पट मार खातो. १५ लिटर पाणी २४ डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण २२६० किलोजूल लागतात, २००० वॅटने ते १९ मिनिटांचं काम, १४५८ ने २६ मिनिटांचं. आई अर्धा तास म्हणते ते उगाच म्हणत नव्हती.

शेजारच्या काकांचं व्होल्टेजबद्दल बरोबर होतं, पण अर्धंच. कारण गीझर बंद असताना २१८ येत होते ना! मग चालू केल्यावरचे २१ व्होल्ट गेले कुठे? हे २१ व्होल्ट आणि ७.४ अँपिअर, भागाकार केला की २.८ ओहम. म्हणजे पोलपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी २.८ ओहम बसलेत, आणि २१ गुणिले ७.४ म्हणजे १५५ वॅट उष्णता पाण्यात न जाता वाटेतच निघतेय. हा आकडा बघितल्यावर गीझरचा विषय माझ्यासाठी मागे पडला. १५५ वॅट नेमके कुठे तापतायत? घर जुनं, वर लाकडी माळा, माळ्यावर गवत आणि नारळाच्या सोडणांचा ढीग.

दुसरं मीटर शेजारून आणलं. भाची ओटीवरच्या मेन बोर्डाजवळ (सोबत बाबा, आणि प्रोब त्यांच्याच हातात), मी न्हाणीत, दोघी फोनवर, आणि एकदम "आता" म्हटलं की आपापला आकडा वाचायचा. असं एकाच वेळी वाचणं फार महत्त्वाचं आहे कारण गावात व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं, कुणी मोटर लावली की दोन-चार व्होल्ट जातात, आणि एक आकडा आत्ता नि दुसरा पाच मिनिटांनी घेतला तर वजाबाकीला काही अर्थच उरत नाही. गंमत म्हणजे ज्याच्या नावावरून हे माप आलं त्या खुद्द ओहमलाही हाच त्रास झाला होता. तो जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवायचा, सुरुवातीचे प्रयोग त्याने बॅटरीवर केले, पण त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोड टाकला की हलायचं आणि आकडे काही केल्या बसेनात. शेवटी त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात, आणि त्यातून मिळणारं बारीकसं पण स्थिर व्होल्टेज वापरलं. हे १८२६ चं, पुढच्या वर्षी १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आमच्याकडे बर्फ नव्हता, फोन होता.

मेन बोर्डावर गीझर बंद असताना २१८, चालू असताना २१२. म्हणजे बाहेरचा, पोल ते घर, सर्व्हिस वायर आणि डीपी धरून, ६ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे वाटेतली घट, ०.८ ओहम. उरलेले १५ व्होल्ट घराच्या आत. २ ओहम, १११ वॅट. बोर्डावरच्या वीजबिलाच्या मीटरवरूनही पडताळून पाहिलं. फ्रीज, पंखे, सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवला आणि मीटरच्या लाल लाइटचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स म्हणजे एक युनिट असं लिहिलंय. ३० सेकंदांत ४२ वेळा लुकलुकलं, हिशोब केला तर १५७५ वॅट. आणि बोर्डावरचे २१२ गुणिले ७.४ करतात १५६९. इतकं जवळ आलेलं बघून माझ्यातली अकाउंटंट अगदी खूश. वरची टोटलही लागली, २१८ गुणिले ७.४ म्हणजे १६१३, त्यातले १४५८ गीझरला, १११ घरातल्या वायरिंगला, ४४ बाहेर. एक वॅट इकडचा तिकडे नाही.

आता घरातल्या १५ व्होल्टचं काय. वायर आहे म्हटल्यावर थोडा ड्रॉप होणारच, पण किती व्हायला हवा हे काढता येतं. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार मीटरला ०.०१७२ ओहम, अ‍ॅल्युमिनियमची ०.०२८२. आमच्या घराचं मूळ वायरिंग जुनं, पट्टीतलं, १.५ स्क्वेअरच्या (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर) अ‍ॅल्युमिनियम वायरचं, ओटीवरून माजघर, तिथून स्वयंपाकघर आणि माळ्यावरून मागे. ही वायर न्हाणीच्या अलीकडे माळ्यावर संपते आणि न्हाणी बांधली तेव्हा तिथून पुढे २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर जोडलेली. टेपने लांबी मोजली, अ‍ॅल्युमिनियम २२ मीटर, तांबं १० मीटर. करंट जातो आणि परत येतो म्हणून दुप्पट धरायची. अ‍ॅल्युमिनियम ४४ मीटरचे ०.८३ ओहम, तांबं २० मीटरचे ०.१४, बेरीज ०.९७, गुणिले ७.४ म्हणजे ७ व्होल्टच्या जरा वर. वायर कोमट झाली की थोडं अजून वाढेल, तरी आठच्या पुढे नाही. प्रत्यक्षात १५. म्हणजे सात-आठ व्होल्टचा हिशोब लागत नव्हता.

इथपर्यंत मी काही उघडलेलं नव्हतं. पुढचं मात्र वायरमन काकांना बोलावूनच केलं आणि कुणीही तसंच करावं, कारण आता जिवंत लाइनशी काम. काका गावातले जुने, आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचे. त्यांना म्हटलं, काका, मला न्यूट्रल आणि फेज वेगवेगळे मोजायचेत. ते म्हणाले, "ताई, वायरला काय धाड भरलेय, इतकी वर्षं चाललीच की." पण मीटरवरचे आकडे दाखवले तेव्हा थांबले, आणि पुढची युक्ती त्यांनाही आवडली. एक लांब सुटी वायर घ्यायची, मेन बंद करून तिचं एक टोक मेन बोर्डाच्या न्यूट्रलला लावायचं, ती घरभर ओढत न्हाणीपर्यंत आणायची, मग मेन आणि गीझर चालू करून त्या वायरचं मोकळं टोक आणि न्हाणीतल्या सॉकेटचं न्यूट्रल यांच्यात व्होल्टेज मोजायचं. त्या सुट्या वायरमधून मीटरपुरता नगण्य करंट जातो, त्यामुळे तिच्यात स्वतःचा ड्रॉप होत नाही, ती पातळ असली तरी चालते. जो आकडा येतो तो फक्त न्यूट्रलच्या वाटेतला ड्रॉप.

९.२ आला. एकूण १५, त्यातून ९.२ गेले, फेजच्या वाटेला ५.८. दोन्ही वायरी एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, शेजारीशेजारी जाणाऱ्या, दोघींचा ड्रॉप साडेतीन-साडेतीन व्होल्टच असायला हवा. काका लगेच म्हणाले, "म्हणजे न्यूट्रललाच घोळ आहे." आणि शिडी लावून सरळ माळ्यावर गेले.

जिथे अ‍ॅल्युमिनियमला तांबं जोडलेलं होतं तिथे एक लाकडी डबी होती. मेन बंद करून झाकण काढलं तर आत दोन पीळ, दोन्हींवर काळी टेप. फेजवरची टेप नुसती कडक झालेली, न्यूट्रलवरची पार चॉकलेटी पडून सोलून आलेली, खालच्या लाकडावर रुपयाएवढा करपलेला डाग, आणि जळक्या प्लास्टिकचा तो ओळखीचा वास. अ‍ॅल्युमिनियमची तार हाताला लागताच तिच्यावरून करडी भुकटी पडली. काकांनी टेप काढून जॉइंट उघडे ठेवले, आम्ही सगळे खाली, लाइट चालू, आणि त्यांनी रबरी हातमोजे घालून एकेका जॉइंटच्या दोन बाजूंना प्रोब लावले. न्यूट्रलच्या जॉइंटवर ५.६ व्होल्ट, फेजच्या जॉइंटवर १.७. ५.६ गुणिले ७.४ म्हणजे ४१ वॅट. डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याने शिसं-कथील वितळतं. इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत ४१ वॅट, रोज सकाळी, लाकडाला टेकून, आणि वरती सोडणं.

याचं कारण काकांनी आणि मी मिळून नीट समजून घेतलं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो थर वीज वाहून नेत नाही. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि मऊ असल्यामुळे दबून राहतं, गार झालं की पीळ मूळच्यापेक्षा सैल, सैल झाला की रेझिस्टन्स वाढला, वाढला की आणखी तापला. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स एवढी उष्णता, हा जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये छापलेला नियम, आणि तो डबीत बसून वर्षानुवर्षं आपलं काम करत होता. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) का पडला नाही असं बाबांनी विचारलं. एमसीबी १६ अँपिअरचा, करंट ७.४, तो पडणार कसा? त्याला फक्त एकूण करंट कळतो, कुठे काय तापतंय ते नाही. उलट खराब जॉइंटमुळे करंट थोडा कमीच होतो. मला वाटतं हे प्रत्येक घरात सांगितलं गेलं पाहिजे, एमसीबी आहे म्हणून लोक फार निर्धास्त असतात.

काढलेला न्यूट्रलचा जॉइंट नंतर मी मुद्दाम मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ठेवून पाहिला. कधी ०.५, कधी १.१, जरा हलवला की आकडा बदलतो, आणि प्रोबचेच स्वतःचे ०.४. यावरून काहीही ठरवता आलं नसतं. ओहम रेंजला मीटर आपल्या बॅटरीतून अगदी चिमूटभर करंट सोडतं, तेवढ्यात सडका जॉइंटही साळसूद दिसू शकतो. तोच चालू लोडवर ५.६ व्होल्ट आणि ७.४ अँपिअर दाखवतो, भागाकार केला की पाऊण ओहम, आणि तिथे वादाला जागा राहत नाही. वायरिंगचा रेझिस्टन्स बघायचा तर लोड टाकून व्होल्ट आणि अँपिअरच मोजायचे हे मी यातून पक्कं धरलंय.

आणि आता स्टॅबिलायझर. दुकानदाराने तो मनापासून सुचवला असेल, पण त्याचा हिशोब मी त्याच रात्री मांडून पाहिला आणि अंगावर काटा आला. न्हाणीत स्टॅबिलायझर लावला असता तर त्याने गीझरला २३० दिले असते, गीझरने पूर्ण २००० वॅट घेतले असते, पण हे सगळे वॅट त्याच वायरमधून, त्याच जॉइंटमधून यायचे. व्होल्टेज अजून पडलेलं, म्हणून करंट जास्त ओढला जाणार, हिशोबाने साडेदहा अँपिअरच्या वर. पाऊण ओहमच्या जॉइंटमध्ये मग ४१ च्या जागी ८५ वॅट. दुप्पट! पाणी मात्र लवकर तापलं असतं आणि सगळ्यांनी स्टॅबिलायझरचं कौतुक केलं असतं.

दुरुस्ती सरळ होती. मेन बोर्डापासून न्हाणीपर्यंत नवी स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअरची तांब्याची, ३२ मीटर अखंड, मधे एकही जॉइंट नाही, स्वतःचा वेगळा एमसीबी, अर्थिंगची हिरवी वायर आणि करंट गळाला की लाइन तोडणारा आरसीसीबीही बसवून घेतला. २.५ ची वायर चालली असती असं काका म्हणाले आणि ते खरंही आहे, पण लांबी बघता मी ४ चीच घ्यायला लावली. ६४ मीटरचे ०.२८ ओहम येतात, २.५ ला ०.४४ आले असते. पैशाचा फरक फार नव्हता आणि काम एकदाच करायचं.

नंतर परत मोजलं. त्या दिवशी रिकाम्या लाइनला २२० येत होते. गीझर चालू केल्यावर बोर्डावर २१३, न्हाणीत २११, करंट ७.९. घरातला ड्रॉप १५ चा २ वर आला, वायरिंगमध्ये जाणारे १११ वॅट आता १६, तेही ३२ मीटरभर पसरलेले. गीझरला मिळतात १६६७ वॅट. पाणी २६ च्या जागी साधारण साडेबावीस मिनिटांत. आईला वेळेतला फरक जाणवतो म्हणते, पण खरं सांगायचं तर साडेतीन मिनिटांसाठी कुणी वायरिंग बदलू नये, आणि बिलातही काही मोठी बचत नाही, दिवसातून तीन वेळा गीझर लागला तरी महिन्याला चार-एक युनिटं. हे सगळं केलं ते त्या करपलेल्या डागासाठी. बाहेरचा ०.८ ओहम तसाच आहे, तो आमच्या हातातला नाही, पोलवरच्या जोडणीसाठी अर्ज दिलाय.

हे वाचून कुणी विहिरीच्या मोटरवर हाच हिशोब करायला जाईल म्हणून एक सांगते, तिथे गुणाकार जसाच्या तसा चालत नाही. आमच्या १ एचपीच्या मोटरला २१४ व्होल्ट आणि ६.३ अँपिअर, गुणाकार १३४८, पण मीटरच्या लुकलुकण्यावरून वॅट येतात ११८० च्या जवळपास. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे चालतो, त्यामुळे गुणाकारातला काही भागच खऱ्या कामाचा, इथे ०.८७ पट, तोच पॉवर फॅक्टर. भागाकार तर अगदीच फसवतो, २१४ भागिले ६.३ म्हणजे ३४ ओहम, आणि वाइंडिंग मीटरने मोजलं तर चार-पाच ओहम. ओहमचा साधा भागाकार गीझर, इस्त्री, रॉड, टोस्टर असल्या तापणाऱ्या वस्तूंनाच लावायचा. वायरीतला ड्रॉप मात्र मोटरच्या लाइनवरही जवळपास असाच काढता येतो, कारण वायर वायरच आहे.

स्वयंपाकघराची लाइन अजून जुन्याच अ‍ॅल्युमिनियमवर आहे. तिथे १००० वॅटची इस्त्री लावून मोजलं, ४ अँपिअरला २.४ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे ०.६ ओहम, आणि १४ मीटर लांबीवरून हिशोबाने ०.५३ यायला हवा होता. वाटेत जॉइंट नाही, म्हणून आकडा जुळतोय, मिक्सर आणि फ्रीजला ठीक आहे. पण आईला इंडक्शन शेगडी घ्यायची आहे, ती २००० वॅटची, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, आणि त्या जुन्या १.५ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमवर मी ती लावू देणार नाही. तिच्यासाठीही वेगळी लाइन. ४ स्क्वेअरची ९० मीटरची बंडलं आणली होती, लाल आणि काळं, प्रत्येकात ५८ मीटर शिल्लक आहे, ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत सहज पुरतं. काकांना भातकापणी झाली की यायला सांगितलंय.